दातदुखीचं मलम

आवाज असा, की तेल न घातलेलं दार
कुणी मुद्दाम, हळूहळू, रात्रभर उघडतंय.
पहिल्या आठवड्यात मी खरंच उठले
आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं,
स्वयंपाकाचं, शेंगदाण्याचं.
दारं गप्प झाली.
बाहेरचं ते एक उघडतच राहिलं.

मग एसी बंद पडला. ओकाला, फ्लोरिडा, ऑगस्ट.
वेंडेलनं बाहेरची पेटी उघडली
आणि पकडीत धरून दाखवला :
करपलेला, पापडासारखा,
बोटं मात्र पसरलेली,
दर बोटाच्या टोकाला एक टिकली.
"क्यूबन," तो म्हणाला, नि बिल लिहू लागला.
तीनशे चाळीस डॉलर.

निरंजन म्हणाला, होईल सवय.
निरंजनला कशाचीही सवय होते.
दुसऱ्या दिवशी सकाळी तो संडासात गेला
आणि गेल्या पावली परत आला.
त्यानंतर घरात एकमत झालं.

पद्धत सोपी आहे.
पांढरा पाईप, दीड हात लांब,
जास्वंदीच्या मुळाशी उभा खोचायचा.
त्यांना वाटतं, घर मिळालं.
विहिरीतला म्हणून हसतो आपण ज्याला,
तो हाच; विहीर तेवढी दीड इंचाची.
सकाळी पाईप उपटून पिशवीत झटकायचा,
हातमोजे घालायचे, ओळख पटवायची :
अंगठ्यानं डोक्यावरची कातडी सरकवून बघायची.
सरकली तर इथला, सोडून द्यायचा.
कवटीला चिकटलेली असली तर
पोटावर दातदुखीचं मलम.

ते मलम ईशाच्या अक्कलदाढेसाठी आणलेलं.
अर्धी नळी उरली होती.
वाटाण्याएवढं घेऊन चोळलं.
पोट भिजवून ठेवलेल्या कणकेसारखं,
आणि आतला श्वास माझ्या बोटाखाली
आधी धावत होता,
मग चालू लागला,
मग बसला.
वीस मिनिटं. तेवढ्यात वरण शिजून होतं.

मग फ्रीजर. आइस्क्रीमचा रिकामा डबा.
ईशानं झाकणावर मार्करनं लिहिलं :
आई, हा नारळ नाही.
शेजारी खरंच नारळ होता, खवलेला,
गणपतीच्या मोदकांसाठी.
मी डबा खालच्या कप्प्यात हलवला.
मग नारळ वरच्या.
मग नारळ टाकूनच दिला.

कुंपणापलीकडे ओफेलिया राहते.
सात वर्षांची असताना मातान्सासहून आली,
आता गुडघे बदललेत तिनं दोन्ही.
तिला सांगताना मी ते नाव गिळलं,
नुसतं "ते बेडूक" म्हटलं.
"क्यूबन ना?" ती म्हणाली. "किती झाले?"
अकरा.
"माझे चाळीस. आणि मलमबिलम काही नाही."
कशानं, ते मी विचारलं नाही.
तिनं कुंपणावरून पपई दिली.

म्हणे मालाच्या पेट्यांत लपून आले,
बोटीतून, कुणी न बोलावता.
मला बोलावलं होतं. कागद आहेत,
प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेनुसार लावलेले.

परवा रात्री पहिल्यांदा काहीच वाजलं नाही.
झोप यायला हवी होती.
दोनच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या काचेवर
एक हिरवा, गुळगुळीत,
कुशीवर पांढरी रेघ, इस्त्रीची घडी असावी तशी.
त्यानं गळा फुगवला
आणि फुटकी घंटा बडवावी तसा सुरू झाला.
त्यांच्याइतकाच मोठ्यानं, खोटं कशाला बोलू.

"हा कुठला आता?" निरंजन उशीत म्हणाला.
इथला.
"मग ओरडू दे," म्हणाला, आणि घोरायला लागला.

मी अंधारात केसांत बोटं घालून
टाळू सरकते का बघत बसले.
वेंडेल म्हणाला होता,
लहान असताना सगळ्यांचीच सरकते,
त्यावरून काही सांगता येत नाही.