खदान

ठाण्यातून फोन येतो तेव्हा
मी एवढंच विचारतो, किती वाजता उतरला?
प्यायला होता का, हे नाही विचारत.
काठावर चपला जोडीनं असतात
की एक इकडे, एक पार बाभळीखाली,
त्यावरून कळतं.

हिंगण्याच्या पलीकडची ही बंद खदान.
जानेवारीत दुपारी वरचं वीतभर पाणी कोमट,
खाली ऊन कधी पोचलंच नाही.
दगड सगळा ट्रकांनी नेला,
गारठा तेवढा ठेवून गेले.

पोट्टे सांगतात,
काका, थंडी वाजतच नव्हती त्याला!
म्हणे, आंगात भट्टी पेटली राजेहो,
समोरचा उंबर शिवून येतो.
दहा-बारा हात झकास मारले.
मग थांबला. आम्ही शिट्ट्या मारल्या.
आम्हाला वाटलं, मस्करी करते.

हाक मारायला श्वास लागतो.
तो गार पाण्यानं आधीच हिसकावलेला.

घरातली शेकोटी उचलून
अंगणात नेऊन ठेवावी,
दारू तसं करते रक्ताचं.
कातडीवर ऊब,
आणि आत, जिथे माणूस राहतो,
तिथे अंधार, गार चूल.

हे मला डॉक्टरनं नाही सांगितलं.
माझा बाप उतरायच्या आधी मोहाची घ्यायचा,
वास सहन व्हावा म्हणून.
मीही घ्यायचो.
एकदा तळाशी, डिसेंबरात,
मला छान ऊबदार वाटायला लागलं.
दोर कमरेला आहे, हेच विसरलो.
वरून सुकदेवनं हिसका दिला, म्हणून
हे सांगतोय.
तेव्हापासून पाण्यात ऊब वाटली
की भीती वाटते.

आदेश निनावे, वय तेवीस.
बुटीबोरीच्या कंपनीत परमनंट झाल्याची पार्टी.
उंबरापासून सहा हातांवर सापडला.
सहाच.

हवालदार उरलेली बाटली पुढे करतात,
घ्या नान्हेभाऊ, काकडलात.
मी म्हणतो, चहा सांगा.

एक पोट्टा अजून उभाच.
अंगात त्याच्या मापाचा नसलेला स्वेटर,
आदेशनं उतरताना काढून
त्याच्याकडे फेकलेला.
काका, हा कोणाला देऊ?

हात पुसत मी त्याच्याकडे बघतो.
आत्ता काढू नको, म्हणतो.