सातवा स्क्रू

सहा स्क्रू डोळ्यांना दिसतात.
सातवा असतो नखाएवढ्या चंदेरी कागदाखाली,
आणि कागदावर, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत:
हे फाडलंत तर तुमचा आमचा संबंध संपला.

मला ठाऊक असणारच. मीच बसवायचे तो.
मनाउसच्या कारखान्यात, तिसऱ्या लाइनवर, नऊ वर्षं,
पाळीला सहाशे चाळीस सातवे स्क्रू,
वर कागद, कागदावर अंगठा,
अंगठ्याचा ठसा उरू नये म्हणून अंगठ्याला रबरी टोपी.

लाइन बंद झाली, तेव्हा पेचकस माझ्या खिशात राहिला.
असो.
आता बंदराच्या वरच्या गल्लीत, मासळीच्या दुकानाला लागून
माझं टेबल, दिवा, भिंग,
आणि पाटी: व्हाल्देनोरा. सगळं उघडतं.

काल काउए आला. वय तेरा.
कन्सोल पोटाशी धरलेला, आजारी कोंबडी आणावी तसा.
लावून पाहिला. पडद्यावर एकच वाक्य, फार सभ्य:
हे यंत्र आमच्या सेवेतून कायमचं वगळण्यात आलं आहे.

कायमचं.
त्याची आई नावेवर स्वयंपाक करते,
पंधरा दिवस नदीवर, पाच दिवस घरी.
दोन वर्षं साठवून तिनं हे जुनं यंत्र घेतलं.
आत कुणा आधीच्या मालकाची चिप,
पोराला पत्ता नाही.
त्यानं लावला तो खेळ विकतचा होता, पावतीसकट.
गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात.
इथं किडा केव्हाच उडून गेला,
जात्यात राहिला तो गहू.

मी अटी वाचल्यात. हसू नका.
एका रविवारी, एकेचाळीस पानं, भिंग लावून.
यंत्र तुमचं, असं लिहिलंय.
आतलं सगळं आमचं, हे पुढच्या पानावर.
म्हणजे घोडा तुझा, धाव माझी,
आणि लीद पुन्हा तुझी.

पण मी काही सगळ्यांची वकील नाही.
माझा भाचा वेंद्रेल भिंतीआरपार बघायचा,
असलं सॉफ्टवेअर घालून, आणि परक्या पोरांना
कोपऱ्यावर वळायच्या आत टिपायचा.
त्याला हाकललं, तेव्हा मी टाळी वाजवली.
बहीण महिनाभर बोलली नाही.
लबाडाला मैदानाबाहेर काढा, काढायलाच हवं.
पण त्याच्या घरी जाऊन
त्याचा चेंडू फाडायचा अधिकार
कुठल्या पानावर आहे?

हे सगळं मी काउएला ऐकवत होते,
जरा मोठ्यानंच, शेजारचा मासळीवालाही ऐकेल असं,
आणि बोलता बोलता यंत्र उलटं केलं.

चंदेरी कागद नव्हता.
त्याच्या जागी हिरवा. कात्रीनं वेडावाकडा कापलेला.
फाडल्यास गॅरंटी नाही. व्हा.
माझं अक्षर. चार वर्षांपूर्वीची तारीख.

चिप मीच बसवली होती.

मासळीवाला सुरी धुवत होता, धुवतच राहिला.
हिरवा कागद मधोमध फाटलेला.
'धूळ काढायला उघडलं होतं मी,' काउए म्हणाला,
'चालत नाही का?'
नऊ वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं.

मी चिप काढली. पैसे घेतले नाहीत.
पण यंत्राचा नंबर तिकडे, कुठल्याशा थंड खोलीत,
काळ्या यादीत चढलाय,
तिथवर माझा पेचकस पोचत नाही.
सातवा स्क्रू बसवायला त्याच्या हातात दिला.
त्यानं नको तितका आवळला. सगळेच आवळतात पहिल्यांदा.
वर कागद लावला नाही.

पाटी अजून तीच आहे. सगळं उघडतं.
तिच्याखाली, बारीक अक्षरांत,
काही लिहावं का,
ते ठरत नाहीये.