सराव पाठ क्रमांक नऊ

टाचणात लिहिलं होतं :
उद्दिष्ट – विद्यार्थी समान भाग करतो.
साहित्य – पुठ्ठ्याचे बांगडे, नग बारा.
होस्टेलच्या गॅलरीत रात्री दीडपर्यंत कापले,
पाठीला निळी शाई, पोटाला
चॉकलेटची चांदी.

आचऱ्याच्या खालच्या वाडीतली शाळा.
तिसरीचा पट तेरा, हजर दहा,
तिघं रापणीची दोरी ओढायला गेलेले.
मागच्या बाकावर गवंडे मॅडम,
निरीक्षण वही उघडी,
लाल पेनाचं टोपण दातांत.

'मुलांनो, चार जण मासे धरायला गेले.
बारा बांगडे मिळाले. प्रत्येकाला किती?'
पुढचा रकाना : अपेक्षित प्रतिसाद – तीन.

हेरंब तांडेल उठला. शर्टाला एकच बटण.
'दोन, बाई.'

मी हसले,
प्रबलन कौशल्यात शिकवलंय तेवढंच.
'परत एकदा बघ बरं.'
त्यानं बघितलं, फळ्याकडे नाही, माझ्याकडे,
लिलावात नवं गिऱ्हाईक जोखतात तसं.
'एक वाटो व्हडीचो. एक जाळ्याचो.
माणसांचे चार. सा वाटे झाले ना?
दोन-दोन.'

'व्हडी काय बांगडो खाता?' मागून कुणीतरी.
हशा. मीही हसले असते, पण मॅडम लिहीत होत्या.
'व्हडी खाणा नाय,' हेरंब म्हणाला,
'मालक खाता.'
आणि बसता बसता, स्वतःशीच :
'आमची व्हडी नाय. बाबाक एकच वाटो.'

दमट हवेनं खडू हातात भुसभुशीत झालेला.
फळ्यावर होतं बारा भागिले चार.
चार पुसले, सहा लिहिले.
पुसलेला चार खालून दिसतच राहिला.

शेरा : फलकलेखन सुवाच्य.
उदाहरण निवडताना काळजी घ्यावी.
पाठ विषयांतराकडे झुकला. दहापैकी सहा.
सहाखाली पेन बराच वेळ टेकवून ठेवलं असावं,
शाई मागच्या पानापर्यंत उतरलीय.

परतीच्या एसटीत बांगडे मोजले. अकरा.
पिशवी झटकून पाहिली, वर्तमानपत्र उलगडलं,
मग सोडून दिलं.
अकराला भाग जात नाही कशानंच,
कुणाकडे तरी तो एक असेल तर असू दे.

शेजारी टोपलीवाली.
माझ्या मांडीवरच्या माशांकडे
कणकवली येईपर्यंत बघत राहिली,
आणि उतरताना म्हणाली,
'तेंका बरफ व्हयो होतो गो.'