काटा

फोंडूदादाच्या मारुतीत आरपीएमचा काटा नव्हताच.
वेगाचा होता, तोही चाळीसपाशी थरथरत राहायचा
होंड्याच्या तिठ्यावर पहिल्यांदा उभ्या केलेल्या पोलिसासारखा.
मग गिअर नेमका कधी बदलायचा?
मी वही उघडून बसलेले,
शेहेचाळीस वर्षांची, तिसरीच्या वर्गाची बाई.
मला आकडा हवा होता.

तो म्हणाला, वही मागं टाक.
आणि चप्पल काढ.

वाळपईच्या मैदानाला सात फेऱ्या.
दुसरा लवकर टाकला की गाडी
म्हाताऱ्या रेड्यासारखी मान झटकायची,
बॉनेटखाली कुणी डब्यात काजूच्या बिया खुळखुळवतंय असं वाटायचं.
उशीर केला
तर खोबरं वाटून झाल्यावरही मिक्सर चालूच.
"दोनांच्या मदीं बघ," तो म्हणे,
"थंय गाडी उलयता."

काय बोलते ते त्याला ऐकू येत नसे.
एकवीस वर्षं खाणीचा टिपर,
पाळीहून आमोण्याच्या जेटीपर्यंत,
काच खाली, उजवा कान रस्त्यावर,
लाल धूळ, मागच्याचा हॉर्न, त्याच्याही मागच्याचा.
खाणी बंद पडल्या, टिपर भंगारात गेला,
कान परत आला नाही.
तो गुडघ्यानं ऐकायचा.
वाटी डॅशबोर्डला टेकवून, डोळे अर्धे मिटून
म्हणायचा, "आतां."
आणि आतां म्हणजे आतांच.
अर्धा क्षण इकडेतिकडे झाला
तर पायाखाली मलाही कळे.

मी चोरून मोजू लागले.
सपाटीला तीन त्रिक नऊ, क्लच.
त्यानं ऐकलं नाही, पाहिलं. ओठ वाचायला शिकला होता.
"पाढे म्हणता? म्हणा.
चढ आला की फुडलें म्हणा."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची.

आता माझ्या गाडीत काटा आहे, आकडे आहेत,
आणि काट्याशेजारी एक हिरवा बाण,
दोन हजार झाले की उगवतो: वर टाका, वर टाका.
त्याला पेट्रोल वाचवायचं आहे. बरोबरच आहे त्याचं.
पण मागे फोंडूदादाची बायको, तिची जाऊ,
जावेच्या मांडीवर बांबोळीतल्या भाच्यासाठी फणस,
एसी चालू,
आणि समोर फर्मागुडी.

दुसऱ्यावरच ठेवली.
अडीच हजार. बाण पेटला.
तीन. बाण पेटलेलाच.
शेजारी तो, गुडघा डॅशबोर्डला टेकवलेला,
पण ही गाडी रबरावर बसवलेली, काही सांगत नाही कुणाला.
त्यानं गुडघा जरा सरकवला. पुन्हा सरकवला.
मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी मोठ्यानं म्हणाले,
तीन सक अठरा, तीन साते एकवीस,
मागून जावेनं विचारलं, बाईंना काय झालं?
तीन आठे चोवीस,
ट्रक ओलांडला, वळण सरळ झालं,
आणि त्याचं बोट मांडीवरून उचललं गेलं.
एवढंच. शब्द नाही.
क्लच. तिसरा.
काटा खाली आला, बाण विझला,
फणस एकदा डावीकडे कलंडला.

बांबोळीला काचेची खोली.
कानावर मोठे हेडफोन, हातात बटण.
आवाज आला की दाबायचं, असं पोरीनं दोनदा समजावलं.
बराच वेळ काहीच नाही.
तिच्या यंत्रावरची रेघ सपाट.
मग त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. छान लयीत दाबू लागला.
ती खूश झाली, मग गोंधळली,
तिनं तर अजून काहीच वाजवलं नव्हतं.

काचेतून मला दिसत होतं.
खाली कुठंतरी जनरेटर सुरू झाला असणार.
पोरगी आत गेली, वाकून म्हणाली,
"बाबा, गुडघा टेबलावरून काढा."