नऊ चोक छत्तीस

फीचा आकडा वाचून बर्निस फॉक चष्मा कपाळावर सरकवतात.
"खाजगी विद्यापीठ आहे," म्हणतात,
घरात कुणी आजारी असल्याचं सांगावं तशा.
"सरकार देतं ते इथपर्यंत."
पेन्सिलीची रेघ.
"उरलेल्यातलं अर्धं आम्ही सोडतो, अर्धं पुन्हा सरकार भरतं.
याला पिवळी फीत म्हणतात."
आणि माझ्या वाट्याला?
"तुझ्या वाट्याला तास न बुडवणं."

पैसे माझ्या बापाचे.
पैसे तरी कसले, महिने.
ओरिन किन्नुनेन, सार्जंट, आता निवृत्त.
काम: कुवेतच्या वाळूत जनरेटर चालू ठेवणं.
मी कधी गोळी झाडली नाही, तो सांगायचा.
झाडणाऱ्यांना उजेड तर तूच देत होतास, मी म्हणायचे.
सतराव्या वर्षी माणूस फार स्पष्ट बोलतो.

मी पाच वर्षांची असताना तो घरी परतणार होता.
आईने डुलूथच्या घराच्या दारावर कागदी झेंडे चिकटवले.
मग फोन आला: आणखी चार वर्षं.
झेंडे कुणी काढले नाहीत,
टेप पिवळी पडत गेली,
आणि तेव्हापासून आम्हा दोघांचा छत्तीसचा आकडा.
महिन्यातून एकदा त्याचा आवाज यायचा, मागे घरघर.
"आहेस ना तिथे?"
आई फोन माझ्या कानाशी धरायची
आणि मी नखाने टेप खरवडत राहायचे.

बर्निस फॉक त्याच्या फाइलीतला एक कागद माझ्याकडे फिरवतात.
हक्क मुलीच्या नावे केल्याची तारीख.
मार्च. त्याच वर्षीचा मार्च.
"उगाच नाही देत कुणी," त्या म्हणतात,
"महिने मुलांना द्यायचे
तर आणखी चार वर्षं लिहून द्यावी लागतात.
तुला ठाऊक असेलच."

मी मान हलवते. कशासाठी, कोण जाणे.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ आणि वाळू कालवलेली.
नऊ महिन्यांचं एक वर्ष.
नऊ चोक छत्तीस.
हिशोब चुकला असता तर बरं झालं असतं,
निदान भांडता आलं असतं.

रात्री फोन लावते. तो बर्फ उपसायच्या ट्रकवर,
मागे तीच घरघर.
सांगितलं का नाहीस?
"थांब, हरिण आहे रस्त्यात."
मी थांबते. हरिणाला घाई नसावी.
मग तो विचारतो,
"घरभाड्याचे पैसे वेळेवर येतात ना?"

मी सरोवरांचा अभ्यास करते.
तळाच्या चिखलात लांब नळी खुपसून
गाभा वर काढतो आम्ही: एका हिवाळ्याचा एक थर,
गडद, फिकट, गडद.
मधले चार थर बाजूला काढून
उरलेलं सरोवर हातात येईल, असं होत नाही.
मी प्रयत्न केलेला नाही असं नाही.
कारण कळलं म्हणून दारात कुणी उभं राहत नाही,
पाच वर्षांच्या मुलीला तर मुळीच दिसत नाही.
तिचं नख अजून दुखतं.

महिनाअखेरीला फोन थरथरतो.
सरकारचा संदेश, दर महिन्याला तोच:
अजून शिकत आहात का? हो किंवा नाही कळवा.
न कळवल्यास पैसे थांबतील.
मी हो लिहिते.
मग, का ते माहीत नाही,
तोच शब्द डुलूथच्या नंबरवर पाठवते.

उत्तरात एक प्रश्नचिन्ह येतं.
पुष्कळ वेळाने, ट्रक कडेला घेऊन काढलेला असावा,
एक फोटो:
पहाटेचा रस्ता, अर्धाच साफ केलेला.