बावन्न मिलिमीटर

एव्हाना दोनशे बाहुल्या झाल्या असत्या, बाबा,
पण पहिलीच आडवी पडली.
खाली अर्धगोल पोट, वर निमुळती उंच टोपी,
दोन्ही एकाच लिंडनच्या ओंडक्यातली.
बोट लावलं की डुलायचं आणि पुन्हा उभं राहायचं,
एवढंच तिचं काम.
ती डुलली, आणि भुशात तोंड खुपसून गप्प झाली.

तुम्ही लाकडाला शिव्या घातल्यात,
मग लेथला, मग ल्युब्लियानाच्या बालवाडीवाल्या बाईंना,
ज्यांना टोपी साठ मिलिमीटरचीच हवी होती.
रिब्नित्सातलं आपलं घर, तीन पिढ्या चमचे नि चाळण्या,
आणि एक टोपी ऐकेना.

मी पावाचा चुरा बाजूला सारला,
वीजबिलाच्या पाठीवर रेघ ओढली,
जिथे पोट संपतं नि टोपी सुरू होते तिथे.
टोपीचं वजन रेघेच्या वर, तिच्या उंचीच्या चौथाईवर.
पोटाचं खाली, त्रिज्येच्या तीन अष्टमांशावर.
दोघांचे आघूर्ण समोरासमोर,
रस्सीखेचीतल्या दोन गावांसारखे.
वजन गुणिले अंतर;
बाकी आरडाओरडा हिशेबात धरत नाहीत.

उंचीचा वर्ग त्रिज्येच्या वर्गाच्या तिपटीहून
कमी, तर उठेल.
जास्त, तर गेली.
तीसच्या त्रिज्येवर साठची टोपी:
सत्तावीसशेसमोर छत्तीसशे.
"लाकूड चांगलंय, बाबा."

तुम्ही चष्मा कपाळावर नेलात.
"आणि नेमकी बरोबरी झाली तर?"
"बावन्नला. केसभर कमी."
लेथ सुरू झाला. सूप निवलं.

ती बावन्नवाली ना उठली, ना पडली.
कलती केली तशीच राहिली,
दुसऱ्या पेल्यानंतर झोफ्काआत्या राहते तशी.
हिला स्वतःचं मतच नाही, म्हणालात,
आणि वरच्या फळीवर ठेवून दिलीत. विकायची नाही.

बालवाडीला पंचेचाळीसच्या गेल्या.
बाईंनी पत्रातून कुरकूर केली,
मुलांनी नाही.

आता मी मारिबोरला असते.
सुट्टीत येते तेव्हा बावन्नवाली
दर वेळी वेगळीकडे कललेली.
एकदा खिडकीकडे. एकदा लेथकडे.
या नाताळात दाराकडे,
जिथून माझी बस दिसते.
मांजर धक्का देतं, तुम्ही म्हणता.

मांजर जाऊन दोन वर्षं झाली, बाबा.