आवृत्ती दोन

ऐरोलीच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत,
पानामागे सव्वा रुपया या दराने
मी जुने प्रबंध स्कॅन करतो.
काचेवर पान पालथं, झाकण, उजेडाची रेघ सरकते,
पुन्हा पान.

आज हाताशी आला
हेमलता दामोदर वैती, एम.फिल., एकोणीसशे ब्याण्णव.
ठाणे खाडीतली मासेमारी, भरती-ओहोटीचं गणित.
रेक्झिनच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली,
मागच्या खिशातल्या कार्डावर दोन शिक्के.
पैकी एक तिचाच.

पान छप्पन्नवर तपकिरी डाग.
सॉफ्टवेअर विचारतं, काढू?
वास घेऊन पाहिला. इतक्या वर्षांत
चिखलाला वास उरत नाही.
तरी 'नको' दाबलं.

मग फॉर्म. मार्गदर्शक, विभाग, शोधशब्द किमान पाच.
मी लिहिले: निवटी, खुबे, जिताडा, पाग, खाजण.
लाल अक्षरांत उत्तर: शब्द यादीत नाहीत.
यादीत घातले.
मला तेवढा अधिकार आहे.

शेवटचा प्रश्न, खुला की मर्यादित?
तो लेखिकेलाच विचारायचा असतो.
बाई आता कोपरीत, निवृत्त; फोनमागे कुकरची शिट्टी.
कुणालाही वाचता येईल, फुकट, मी म्हटलं,
आणि साहेबांनी सांगायला लावलेलं तेही,
की कुणी चोरूही शकतं.
"चोरायला आधी वाचावं लागतं हो," त्या म्हणाल्या.
"उघडा ठेवा."

महिनाभर आकडा दोनवर.
एकदा मी, फाइल नीट उघडते का बघायला.
एकदा त्या. डाग दिसला, एवढंच कळवलं.

तिसरा घणसोलीहून. सोबत पत्र:
पान एकशे चौदा, उधाण आणि भांग
यांचे रकाने उलटे पडलेत.
परिशिष्टात माहिती देणाऱ्यांत सातवं नाव
पोशा जोमा मढवी, माझे आजोबा.
त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं.
म्हणाले, असं मी सांगितलंच नव्हतं तिला.

बाईंना पत्र वाचून दाखवलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मला वाटलं फोन कटला.
"तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते माझ्या,"
आणि मग, "जातात का अजून ते खाडीवर?"

मूळ फाइल तशीच ठेवली, चुकीसकट.
तिच्याखाली नवी.
सुधारणा सुचवणाऱ्याचं नाव भरलं,
पदवीच्या जागी रेघ चालली,
'संस्था' मात्र रिकामी सोडता येईना.
नातवाला विचारलं, त्यानं आजोबांना.
उत्तर लगेच आलं:
घणसोली बंदर, लिही.

लिहिलं.
साहेबांनी बिल पाहिलं, सही केली.
बदललेलं पान एकच.
सव्वा रुपया.